खाली उतरवलेली काळी पाच

नवं यंत्र मी आमच्या गायन पार्टीत आणलं त्या दिवशी पहिलं मत ढोलकीवाल्याने दिलं. खोक्यातून निघालेला तो काळा डबा त्याने आधी पुढून पाहिला, मग उलटा करून मागून पाहिला आणि यात ठेके कुठायत असं विचारलं. ठेके नाहीत, मी सांगितलं. स्पीकर? स्पीकरही नाही. मग पट्ट्या तरी एवढ्या कमी कावून? मी म्हटलं, एवढ्या पुरतात. त्याने डबा सतरंजीवर अलगद ठेवला आणि म्हणाला, "म्हंजी जुन्यात जे व्हतं त्यातलं यात काहीच न्हाई. मग नवं काय घेतलं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. पण मला राग आला, कारण मला उत्तर येत होतं आणि ते त्याला कळणार नव्हतं. मी बीडच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. न कळणाऱ्यांना समजावून सांगण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे घरी आणि पार्टीत मी सहसा समजावत बसत नाही. हा माझा स्वभावदोष आहे आणि या गोष्टीत त्याचा मोठा हात आहे.

आमची गायन पार्टी चार माणसांची. गाणाऱ्या ताई, ढोलकीवाला, बँजोवाला आणि कीबोर्डवर मी. जयंतीची गाणी, बुद्धगीतं, विहाराचा वर्धापनदिन, नामकरण, एखाद्या घरातल्या वारलेल्या माणसाच्या आठवणीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, असं आमचं वर्ष जातं. पाटोद्यापासून नेकनूरपर्यंतची बरीच गावं आम्हाला ओळखतात. ढोलकीवाला एरवी बीडमध्ये रिक्षा चालवतो, बँजोवाल्याचं शिलाईचं दुकान आहे, आणि ताई नेकनूरजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहेत. वयाने पंचावन्नच्या पुढे.

यंत्र सिंथेसायझर जातीचं होतं. पुण्यातला एक स्टुडिओवाला धंदा आवरत होता, त्याच्याकडून मी ते घेतलं. जुना कीबोर्ड म्हणजे खानावळ, समोर येईल ते जेवायचं. बासरी म्हटलं की बासरी, व्हायोलिन म्हटलं की व्हायोलिन. हे यंत्र म्हणजे नुसती चूल आणि भांडी. एकही आवाज तयार मिळत नाही असं नाही, पण मिळालेला प्रत्येक आवाज आतून उघडता येतो. तो किती वेळात चढावा, किती वेळ टिकावा, त्यात श्वासाची खरखर किती असावी, शेवटी कसा विरावा, हे सगळं आपण ठरवायचं. त्यासाठी डझनभर खुंट्या, एक छोटा पडदा आणि त्या पडद्यामागे यादीत यादी, तिच्यात आणखी यादी. पुस्तिका वाचायला मला दिवाळीची अख्खी सुट्टी लागली. बायको म्हणाली, एवढा अभ्यास बारावीला केला असता तर डॉक्टर झाला असता.

बाकीच्यांची मतंही फार लांबली नाहीत. बीडमधल्या एका ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला मुद्दाम बघायला आला. त्याने खुंट्या फिरवल्या, पडद्यावरच्या यादीत पाच मिनिटं हरवला, बाहेर कसं यायचं ते मलाच विचारलं आणि सांगून गेला की ही वस्तू थंडगार खोलीत बसून वाजवायची आहे, पाटोद्याच्या धुळीत नेली तर सहा महिन्यांत खुंट्या करकरायला लागतील. क्लासेसच्या गल्लीत एक गुरुजी पेटी-तबला शिकवतात. त्यांनी एकच पट्टी दाबली. तो आवाज मी रात्री घडवलेला, दहा सेकंद हळूहळू उलगडणारा. गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारलं, "हा सूर आहे की आजार?" बँजोवाला म्हणाला की आवाज चांगलाय, पण एवढ्या चांगल्या आवाजाला आपल्या गाण्यात काम काय.

ताईंनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचून बसल्या, पाणी प्यायल्या आणि एवढंच विचारलं, "काळी पाच हाय ना यात?" सगळे हसले.

काळी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. गाणारा माणूस तिला सा धरून गातो तेव्हा त्याची पट्टी काळी पाच. आमच्या भागातल्या बहुतेक बायका तिच्या खालून गातात. ताई पंचवीस वर्षं काळी पाचवरूनच गात आल्या. अंतऱ्यात त्यांचा आवाज वरच्या सा वर गेला की मांडवाच्या मागच्या टोकाला चपला सांभाळत उभी असलेली माणसंही मान वर करून बघायची. गावोगावचे निवेदक माइकवरून त्यांना काळी पाचच्या ताई म्हणत. त्यांच्याकडे शाल आणि स्मृतिचिन्हांनी भरलेलं कपाट आहे, पण त्यांना विचाराल तर त्या या दोन शब्दांचंच नाव घेतील. पुढे जे झालं ते या दोन शब्दांपायी झालं. ताईंचा गळा जाणार की राहणार एवढाच प्रश्न होता, फक्त तो प्रश्न आहे हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

यंत्र आणून चार-पाच महिने झाले असतील. पाटोद्याच्या अलीकडे एका गावात जयंतीचा कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात ताईंचा वरचा सूर किंचित खाली घसरला. त्यांनी लगेच खाकरून घेतलं, माइक दूर धरला आणि पुढची ओळ जोरात उचलली. लोकांना काही कळलं नाही. ढोलकीवाला डोळे मिटून वाजवत होता. मला मात्र कळलं. त्यानंतरच्या दोन्ही गाण्यांत तिथेच, त्याच जागी, तेच झालं.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी मी घरी यंत्र उघडून बसलो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे या यंत्रात शंभर बारीक भाग पडतात. मी प्रत्येक आवाजाच्या आत जाऊन त्याला वीस भाग खाली केलं. बोट काळी पाचवरच पडणार, ताई विचारतील तेव्हा मी काळी पाचच दाखवणार, पण कानावर येणारा सूर केसभर खालचा. जुन्या कीबोर्डवर सूर खाली घेता येत नव्हता असं नाही. पण तिथे बटण दाबलं की अख्खी पट्टी खाली येते आणि पडद्यावर भलामोठा आकडा उभा राहतो. आकडा बँजोवाल्याने वाचला असता, आणि अख्खी पट्टी ताईंनी पहिल्या आलापातच पकडली असती. या यंत्रात वीस भाग कुणालाच सापडणार नव्हते. ते कुठल्या यादीत आहेत हे शोधायलाच बाकीच्यांना दिवाळीची सुट्टी लागली असती.

त्या कार्यक्रमात ताईंचा सूर घसरला नाही.

हे मी ताईंना का सांगितलं नाही, याचं उत्तर मी स्वतःला दोन वर्षं एकच देत आलो की त्यांना वाईट वाटलं असतं. ते खरंच आहे. पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की यंत्राला नावं ठेवणाऱ्या सगळ्यांना पुरून उरेल असं काम ते करत होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. मला त्यात मजा येत होती. दोन-तीन महिन्यांनी मी पंधरा भाग आणखी उतरवले. मग पुन्हा वीस. ताईंचा सूर कुठे अडखळला की पुढच्या कार्यक्रमाला मी थोडं खाली. असं दहा-अकरा वेळा झालं. दोन वर्षांच्या आसपास हिशोब केला तेव्हा माझं बोट काळी पाचवर होतं आणि आवाज दोन पट्ट्या खालचा, काळी चारचा येत होता.

मधल्या काळात यंत्राबद्दलची मतं बदलली.

पहिला बदलला ढोलकीवाला. कार्यक्रमाआधी मी सा धरून ठेवतो आणि तो पाना घेऊन ढोलकीचे नट आवळत तिला त्या सुरावर चढवतो. काळी पाचला चामडं फार ताणावं लागतं. दर उन्हाळ्यात ढोलकीची दोन पानं, म्हणजे तोंडावरची चामडी, तरी फाटायची. आता फाटेनाशी झाली. एकदा चहा पिताना त्याने मला गंभीरपणे सांगितलं की हे मशीन ढोलकीला मानवलं आहे. जुन्या कीबोर्डच्या आवाजात काहीतरी उष्णता होती, त्याने चामडं वाळायचं, असं त्याचं मत होतं. मी मान डोलावली. बँजोवालाही माझ्याच सा वर तारा लावतो, त्याच्या तारा तुटायच्या थांबल्या. त्याचं म्हणणं, नव्या यंत्राचा आवाज भरीव असल्यामुळे आता त्याला जोरात छेडावं लागत नाही. मी तिथेही मान डोलावली. ज्या दोघांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं, ते आता दुसऱ्या पार्ट्यांतल्या लोकांना माझं यंत्र दाखवायला लागले. दोघांचेही हात दर कार्यक्रमाला खरं तेच सांगत होते, नट कमी फिरतोय, तार सैल लागतेय. पण समोर पट्टी काळी पाच दिसत होती, आणि आमच्यात पट्टीवर शंका घ्यायची पद्धत नाही.

ताईंचं मत मात्र मी विचारलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून दिलं. एका वर्धापनदिनाला एक निवृत्त मुख्याध्यापक व्यासपीठावर येऊन म्हणाले की ताईंचं वय वाढतंय पण गळ्याला कुणी ते कळवलेलं दिसत नाही. परतीच्या जीपमध्ये ताई खुशीत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मशीनवर गायला लई हलकं जातं. आधी वरती जाताना चढण लागायची, आता लागत न्हाई." मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ सगळं सांगून टाकणार होतो. मग वाटलं, कशाला. चांगलं चाललंय.

गेल्या मे महिन्यात नेकनूरला एका विहाराच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता, सकाळी अकराचा. मंडप पत्र्याचा, वर दोन पंखे, समोर दोनेकशे माणसं. संयोजकांचे एक पाहुणे परळीकडून आलेले, वयस्कर पेटीमास्तर. स्वतःची पेटी घेऊनच आलेले. संयोजक म्हणाले, पाव्हण्यांना एका गाण्याला बसवा, त्यांची इच्छा आहे. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे बरीच वर्षं पेटी नव्हती, त्यामुळे मला धोका लक्षातच आला नाही. माझ्या यंत्राला सूर शिकवता येतो. पेटीचा सूर पितळेच्या पट्टीत कायमचा बसवलेला असतो, तो कुणाच्या वयाकडे बघून खाली येत नाही. हे मी मुलांना शिकवू शकलो असतो आणि मलाच आठवलं नाही.

पेटीमास्तरांनी ताईंना विचारलं, कोणती पट्टी? ताई म्हणाल्या, काळी पाच. मास्तरांनी भाता हलवून काळी पाच दाबली. त्याच क्षणी मीही नेहमीसारखा सा धरला. दोन सा एकमेकांना असे घासले की पुढच्या रांगेतल्या एका बाईने कानावर हात नेला. ढोलकीवाल्याने वाजवायला उचललेला हात हवेतच ठेवला. मास्तरांनी पुन्हा दाबून पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं, बोट बरोबर होतं. ते अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, "साहेब, तुमचं मशीन उतरलंय."

मी हो म्हणालो. मशीनच उतरलंय. असं म्हणून मी त्याचा आवाज बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसलो. माझ्या आयुष्यात मी एखाद्या निर्जीव वस्तूवर एवढा सरळ आळ घेतल्याचं दुसरं उदाहरण नाही.

गाणं पेटीवर सुरू झालं. ढोलकीवाल्याने घाईने नट आवळले. मुखडा खालच्या सुरात होता, तो निभला. अंतरा आला. ताईंनी दोन वर्षांत पहिल्यांदा खऱ्या काळी पाचच्या वरच्या सा कडे आवाज नेला, आणि तिथे आवाज नव्हता. नुसता वारा आला. त्यांनी पुन्हा तीच ओळ घेतली, पुन्हा वारा. मग त्यांनी माइक लोकांच्या दिशेने धरला आणि हाताने खूण केली, तुमी म्हणा. लोकांना गाणं पाठ होतं. त्यांनी उत्साहाने अख्खा अंतरा म्हटला, टाळ्या वाजल्या, आणि संयोजकांना वाटलं की हा कार्यक्रमाचा सगळ्यात चांगला भाग झाला. ताईंनी पुढचं गाणं घेतलं नाही. उन्हाने चक्कर येतेय असं सांगितलं.

बस स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चौघं चहाला बसलो. ढोलकीवाला आणि बँजोवाला सामान जीपवर बांधायला उठून गेले, तेव्हा ताईंनी विचारलं, "मशीन उतरलं व्हतं, का मी?"

त्यांचा आवाज बोलण्यातही बसका आहे हे तेव्हा मला जाणवलं. तो कधीपासून तसा होता, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. मी ऐकत होतो फक्त गाण्यातलं. मी सगळं सांगितलं. वीस भाग, पंधरा भाग, पुन्हा वीस. बोट कुठे होतं आणि आवाज कुठे होता. त्यांना भागांचं काही कळलं नसेल, पण त्यांनी मध्ये थांबवलं नाही. बशीतला चहा थंड झाला. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा रागावतील, आणि दोन्हीची मी तयारी केली होती. त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही.

त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. अडीच वर्षांपूर्वी घसा खवखवतो म्हणून त्या बीडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या, एकट्याच. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं होतं. स्वरतंतूवर छोटी सूज आहे, सध्या घाबरण्यासारखं काही नाही, पण नजर ठेवावी लागेल, असं ते म्हणाले होते. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही आणि आम्हालाही नाही, कारण अशी बातमी पसरली की आमंत्रणं बंद होतात.

"डॉक्टरनं सांगितलं व्हतं," ताई म्हणाल्या, "आवाज खाली आला की एक दिस थांबू नका, लगेच या. म्हणून दर कार्यक्रमाला मी तेच बघत व्हते. काळी पाच लागते का न्हाई. एखाद्या दिशी अडकायची, पण पुढल्या कार्यक्रमाला लागतच व्हती. मला वाटलं, आवाज काही खाली यायना, म्हंजी गळा बरा हाय."

मला स्वतःची किळस आली. दोन वर्षं मी समजत होतो की त्यांचा मान सांभाळतोय. त्यांच्याकडे आपल्या गळ्याचं एकच माप होतं आणि ते माप मी हातात धरून सरकवत होतो, तेही मजा घेत.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना घेऊन बीडला त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा मुलगा शिरूरला कारखान्यात असतो, त्याला कळवू नका म्हणाल्या. बाहेर दीड तास बसलो. ताई भिंतीवरची कानाची चित्रं बघत होत्या, मी मोबाइल उघडून बंद करत होतो. आत गेल्यावर डॉक्टरांनी जुना कागद काढला, दुर्बीण घातली, बराच वेळ पाहिलं. मग हात धुता धुता त्यांनी विचारलं, आवाज उतरल्याचं कधी लक्षात आलं?

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. "मला न्हाई सांगता यायचं. ह्या भावाला इचारा."

मी सांगितलं. पहिला महिना कोणता, गाव कोणतं, कोणत्या महिन्यात किती उतरला, कुठे जास्त, कुठे थोडा. मला सगळं तोंडपाठ होतं. डॉक्टर लिहून घेत होते. मध्येच थांबून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, एवढा बारीक तपशील त्यांना पेशंटच्या घरच्यांकडूनही कधी मिळत नसणार. मग ताईंना म्हणाले की पहिल्यांदा उतरला तेव्हा आला असतात तर तीन महिने गाणं बंद ठेवून आणि औषधावर भागलं असतं. आता गाठ घट्ट झाली आहे, दिसायला साधीच आहे, पण काढून तपासायला पाठवावी लागेल. बोलणं परत येईल. गाण्याचं ते सांगू शकत नाहीत.

ताईंनी एकच विचारलं, अंगणवाडीत पोरांना हाका माराव्या लागतात, ते जमेल ना. डॉक्टर म्हणाले, जमेल.

जिना उतरताना मी त्यांची पिशवी घेतली. मला वाटत होतं की आपण काहीतरी बोलायला हवं, आणि मला सुचलं ते असं की मी ते यंत्र विकून टाकणार आहे. तसं मी म्हणालो. ताई कठड्याला धरून पायरीवर थांबल्या.

"मशीनचा काय दोष, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याला त्याच्या सुरावर ऱ्हाऊ दिलं असतं तर मी तवाच हितं आले असते."